ऐंशीची लेन्स आणि कामरगावचे आबा

"आबा दोन काहून झाले?"

दादाराव एवढ्या जोरात ओरडले की माझ्या शोकेसमधल्या फोटोतल्या नवरीनं पदर सावरला. समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक हातातली साखर खाली ठेवून माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

"इथं पाहा! एक आबा माह्याजवळ बसून राह्यले, आन् एक तिकडं याच्याजवळ! माहा बाप एक हाये का दोन?"

"एकच हाये," त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव त्यांच्याही वर आवाज चढवून म्हणाले. "माह्या बाजूचा खरा. तुह्या बाजूचा पुसाले सांग."

"तुहा पुसा म्हणतो मी!"

दोघांच्या हातात एकाच फोटोच्या दोन प्रती होत्या, फ्रेमसकट. आणि ज्यांना पुसायची बोलणी चालली होती ते आबा माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर, पडद्यावर रंगवलेल्या काश्मीरसमोर, काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. जणू तिसऱ्याच कोणाच्या बापाचा विषय निघाला आहे.

आता हे कसं झालं ते सांगतो. यात थोडी लेन्सची भानगड आहे, पण घाबरायचं कारण नाही. मला समजली म्हणजे कोणालाही समजेल.

कारंज्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. माझे उस्ताद एकशेवीसच्या रोलवर फोटो काढायचे. हा रोल रुंद असायचा, एकेक निगेटिव्ह चांगली खाकऱ्याच्या तुकड्याएवढी. त्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. उस्ताद गेले, रोल गेला, कॅमेऱ्याच्या पडद्याला भोकं पडली. पण त्याची ऐंशी मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे राहिली. रशियन बनावटीची. वजन असं की खिशात ठेवली तर पँट गुडघ्यावर येते. काच अशी गोल आणि खोल की लोणारच्या सरोवरानं लाजावं. एकदा ती माझ्या हातून पायावर पडली. लेन्सला काही झालं नाही. पायाला प्लास्टर झालं.

वर्षानुवर्षं मी तिचा उपयोग बिलांवर वजन म्हणून केला. मग बिनआरशाचे डिजिटल कॅमेरे आले आणि तिचं नशीब उघडलं. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये ठरावीक अंतर लागतं. जुन्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा फिरायचा, म्हणून ते अंतर लांब होतं. नव्यात आरसाच नाही, त्यामुळे लेन्स सेन्सरच्या फार जवळ येते. मधली कमी पडलेली जागा भरायला एक नळी बसवायची. तिला अडॅप्टर म्हणतात. नळी केसभर लांब झाली तरी लांबचं धूसर दिसतं. माझी नळी गावातल्या लेथवाल्यानं करून दिली. त्यानं ती इतक्यांदा घासली की शेवटी लेथ बारीक झाली आणि नळी बरोबर झाली.

त्या लेन्समधून मी नवऱ्यांचे फोटो काढायला लागलो. नवऱ्या म्हणजे नवरी मुली. चेहरा असा यायचा की फोटो पाहून सासूही दोन दिवस नीट बोलायची. शिरपूर जैनपासून पोहरादेवीपर्यंत माझं नाव झालं. नाव झालं की माणूस जास्त बोलतो. मी तर आधीपासूनच बोलत होतो.

अशात एक दिवस आबा आले. कामरगावचे मोठे शेतकरी. त्यांच्या काखेत एक जुना फोटो होता. त्यांच्याच अंगणात, चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या उस्तादांनी काढलेला. मधोमध खुर्चीत तरणेबांड आबा, एका मांडीवर दादाराव, दुसऱ्या मांडीवर वसंतराव, दोघांच्या कपाळावर काजळाचे टिके, आणि भोवती सगळं खटलं.

"हा कोणत्या काचेतून काढला होता रे?" आबांनी विचारलं.

मी बिलांवरची लेन्स उचलून त्यांच्या हातात दिली. "आबा, हीच."

त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. फुंकर मारली. धोतराच्या सोग्यानं पुसली. मग म्हणाले, "मले असाच पाह्यजे. याच जागी, याच काचेतून. साऱ्यायचा. येईल का?"

आता इथं शहाण्या फोटोग्राफरनं "पाहून सांगतो" म्हणायचं असतं.

"काडीचाबी फरक पडणार नाही आबा," मी म्हणालो. "उस्तादच उभे राह्यले असं समजा."

"मंग महालक्ष्म्यायच्या जेवणाले ये. त्या दिवशी दोघंबी असतात."

ते 'दोघंबी' मला तिथं गेल्यावर कळलं. दोन्ही भावांचं वाटणीवरून फाटलं होतं. शेत वाटलं, बैल वाटले, अंगणात भिंत घातली. बोलणं बंद. पण आमच्याकडे महालक्ष्म्या वाटणीत येत नाहीत. त्या थोरल्याच्या घरी बसतात आणि जेवायला धाकट्याला भिंतीला वळसा घालून यावंच लागतं. वर त्या घराचा एक नियम: महालक्ष्म्यांचं जेवण होईपर्यंत घरात कोणी आवाज चढवायचा नाही. म्हणजे वर्षातून हा एकच दिवस दोघं भाऊ एका अंगणात, आणि तेही मुकाट. आबांना जे पाहिजे होतं ते त्या दिवशी मिळालं तर मिळालं. पुढच्या भादव्याचा भरवसा त्या वयात कोण देणार?

मी पोहोचलो तेव्हा आतून पुरणाचा वास येत होता आणि आभाळ गच्च भरलेलं होतं. मी खूश झालो. ग्रुप फोटोला ऊन म्हणजे दुष्मन. डोळे मिटतात, नाकाची सावली मिशीवर पडते. त्या दिवशी माणसाची सोडा, कावळ्याचीसुद्धा सावली जमिनीवर नव्हती. सगळीकडे दुधासारखा सारखा उजेड.

जुन्या फोटोवरून मी उस्तादांची जागा काढली. स्टँड लावला. साठेक माणसं घरासमोर तीन ओळींत बसवली. कॅमेऱ्यात पाहिलं आणि माझं पुरण पातळ झालं.

मधल्या आत्या आणि जावई तेवढे दिसत होते. डावीकडचे दादाराव बाहेर, उजवीकडचे वसंतराव बाहेर.

झालं होतं असं. ही लेन्स आत जे गोल चित्र टाकते ते मोठ्या निगेटिव्हच्या हिशेबानं. भाकरीएवढं समजा. पण माझा सेन्सर होता बिस्किटाएवढा. भाकरीच्या मधोमध बिस्किट ठेवलं तर बिस्किटाला कडांची काय खबर? काच तीच, जागा तीच, पण फोटोत येतो फक्त मधला तुकडा. म्हणूनच तर नवरीचा चेहरा झकास यायचा. चेहऱ्याला तेवढंच पुरतं. साठ माणसांना पुरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त बोलताना आठवलं नाही.

उपाय सोपा असतो: मागे सरका. मी दोन पावलं मागे सरकलो आणि पाठ भिंतीला लागली. वाटणीच्या.

"भिंतीवर चढून काढू का?" मी विचारलं.

"भिंत माही हाये," वसंतराव हळूच म्हणाले. "त्यायनं सांगतलं तर चढू नका."

"भिंत त्याची, पण पाया माह्या जागेत हाये," दादाराव त्याहून हळू म्हणाले. "त्यानं सांगतलं तरी चढू नका."

महालक्ष्म्यांमुळे दोघं इतक्या गोड आवाजात भांडत होते की लांबून वाटावं, एकमेकांना पुरणपोळीचा आग्रह चालला आहे.

"दुसरी काच नाई का तुमच्याजवळ?" एका जावयानं विचारलं.

होती. रुंद पाहणारी लेन्स बॅगेतच होती. पण मी आबांकडे पाहिलं, तर ते त्या ऐंशीच्या लेन्सकडे पाहत होते. बॅगेची चेन मी परत लावली.

मग मला बॅगेतली पट्टी आठवली. ही पट्टी म्हणजे सरकता अडॅप्टर. लेन्स स्टँडला घट्ट धरून ठेवायची आणि तिच्यामागे कॅमेराच डावीकडे, मध्ये, उजवीकडे सरकवायचा. भाकरी जागेवर, बिस्किट फिरतं. तीन फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर शिवायचे, की मोठ्या निगेटिव्हच्या रुंदीचा पूर्ण फोटो तयार. आजवर मी ती पट्टी फक्त इमारतींवर चालवली होती. इमारती मध्येच उठून दुसरीकडे जाऊन बसत नाहीत.

हे सगळं मी अंगणात उभं राहून मोठ्यानं समजावलं. हात फिरवून, भाकरी-बिस्किटासकट. मला वाटलं लोक चकित होतील. फक्त आबांनी प्रश्न विचारला.

"म्हंजे एका खेपेले सारे येत नाईत?"

"नाही आबा. आधी डावीकडचे. मग मधले. मग उजवीकडचे."

"डावीकडचे झाले की त्यायचं काम झालं?"

"झालं. पण हलायचं नाही!" मी साऱ्यांकडे वळून दम भरला. "जो मान वळवेल त्याला फोटोत दोन नाकं येतील. मागच्या साली एका नवरदेवाला आली होती. लग्न मोडलं."

असं काही झालं नव्हतं. पण साठ माणसांनी माना अशा ताठ केल्या की कोणाच्या खांद्यावर साप चढला असता तरी ते लेन्सकडेच पाहत राहिले असते.

उरला प्रश्न आबांचा. दादारावांनी त्यांच्यासाठी घरातली जुनी लाकडी खुर्ची आणून डावीकडे आपल्याजवळ ठेवली होती. वसंतरावांनी भिंतीपलीकडून लाल प्लास्टिकची खुर्ची आणून उजवीकडे आपल्याजवळ ठेवली होती. मधल्या ओळीत दोन्ही भाऊ बापाच्या आजूबाजूला बसायला तयार नव्हते, कारण मग मध्ये फक्त बापच उरत होता.

"आबा माह्या घरी राह्यतात. इथंच बसतील," दादाराव कुजबुजले.

"राह्यतात तिकडं, पण दूध माह्या म्हशीचं पेतात," वसंतराव कुजबुजले. "इकडं बसतील. नाईतर मी चाललो."

"बस वसंता," आबा म्हणाले आणि लाकडी खुर्चीत बसले.

वसंतराव बसले, पण तोंड असं झालं की आंबिलीत खडा लागावा. मी म्हटलं, "ती रिकामी खुर्ची काढू का?"

"राहू द्या," ते म्हणाले. "माही हाये."

मी डोक्यावर काळं कापड घेतलं. उजेडात कॅमेऱ्याचा स्क्रीन दिसत नाही म्हणून हे घ्यावं लागतं. डावीकडचा फोटो घेतला: दादाराव, त्यांचं बिऱ्हाड, लाकडी खुर्चीत आबा. उत्तम. कॅमेरा सरकवला, स्क्रू आवळला. मधला घेतला. मागच्या ओळीत काहीतरी पांढरं हललं, पण आत्याबाईंची पिशवी असेल म्हणून सोडून दिलं. उजवीकडच्यांसाठी कॅमेरा पुन्हा सरकवला. एवढ्यात कापडावर टप्प करून थेंब पडला. मग दुसरा. मी बटण दाबलं.

"झालं!" मी ओरडलो आणि अंगण असं रिकामं झालं की जणू कोणी फुकटचं रेशन वाटायला लागलं. मी लेन्स पोटाशी धरून ओसरीत पळालो. पोटभर जेवलो. सोळा भाज्यांपैकी मी सतरा खाल्ल्या.

शेवटच्या फोटोच्या वेळी कापडाखाली मला लाल खुर्चीत काय दिसलं, हे लोक आजही विचारतात. मी सांगतो की घाम डोळ्यात गेला होता.

स्टुडिओत येऊन तीन फोटो शिवले. शिवण इतकी सफाईची की शिंप्यानं पाय धरावेत. आणि त्यात आबा दोन. डावीकडे लाकडी खुर्चीत दादारावांजवळ, काठी उजव्या हातात. उजवीकडे लाल खुर्चीत वसंतरावांजवळ, काठी डाव्या हातात आणि मोकळा हात वसंतरावांच्या गुडघ्यावर. मध्ये, दोन जावयांच्या खांद्यांमधून, एका पांढऱ्या टोपीचं टोक चाललेलं. म्हणजे नीट हिशेब केला तर अडीच.

एक आबा पुसणं मला अवघड नव्हतं. मी फोटोतून विजेचे खांब काढले आहेत, ट्रॅक्टर काढले आहेत, एका लग्नातून तर नवरदेवाच्या मागणीवरून अख्खा मेहुणा काढला आहे. पण पुसायचा कोणता? जो पुसू त्याच्या शेजारचा लेक माझ्या दारात उभा राहणार. दोन वेगळे फोटो करून ज्याला त्याला त्याचा आबा द्यावा, असंही मनात आलं. मी आबांनाच फोन लावला.

"आबा, फोटोत तुम्ही दोनदा आले. कोणते ठेवू?"

"तुह्या काचेले काय दिसलं?"

"दोन्ही दिसले."

"मंग," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

गिऱ्हाईकाचा हुकूम. मी जसा होता तसा छापला, दोन फ्रेमा केल्या आणि कामरगावच्या जीपमध्ये पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं माझ्या दारात. एकाच मोटरसायकलवर. त्याचं कारण सरळ होतं: आपण घरी थांबलो आणि दुसरा एकटा गेला तर तो आपला आबा पुसून आणेल, अशी दोघांनाही खात्री होती. आणि आबा म्हणाले होते, "माहा फोटो हाये, मीबी येतो." त्यांना कोणाच्या गाडीवर बसवायचं यावर पुन्हा भिंत उभी राहिली असती. म्हणून गाडी दादारावांची, पेट्रोल वसंतरावांचं, आणि मध्ये आबा.

तर आरडाओरडा. कितीतरी वर्षांनी दोघं भाऊ एकमेकांशी थेट बोलत होते, आणि ते माझ्या स्टुडिओत.

"तू कॉम्प्युटरवर जोडला आबाले!" दादाराव माझ्यावर घसरले.

"मी? भाऊ, जोडलं असतं तर सावली चुकली असती. पाहा, कोणाच्या पायाशी सावली आहे का? दोन्ही खुर्च्यांखाली पाहा. आभाळ होतं त्या दिवशी. अख्ख्या अंगणात सावली नाही."

दोघांनी डोकी एका फ्रेमवर वाकवली आणि खुर्च्यांखाली पाहिलं. सावली नव्हती. पटलं. खरं तर सावली नसली की जोडकाम आणखी सोपं होतं, पण हे गिऱ्हाईकाला सांगायचं नसतं.

"मंग एक पुसून टाका," वसंतराव म्हणाले.

"त्याचा," दादाराव म्हणाले.

"तुहा."

इथं मी चष्मा काढला. चष्मा काढून बोललं की लोक मानतात. "हे साध्या लेन्सचं काम नाही. ही मोठी लेन्स आहे. तिचा उजेड अख्ख्या चित्रात एकच असतो. एक आबा पुसले तर दुसरेही पुसट होतात. पुसतो, पण मग दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतील. बोला."

असा कोणताही नियम जगात नाही.

दादारावांनी वसंतरावांकडे पाहिलं. वसंतरावांनी फोटोतल्या आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. किराणावालं गिऱ्हाईक आणखी एक पाऊल आत आलं.

"राहू द्या मंग," दादाराव म्हणाले.

"हाव. राहू द्या," वसंतराव म्हणाले. "नाईतरी खर्च तर झालाच."

आता तो फोटो भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही घरांत लागला आहे. ज्याला जो आबा पाहिजे तो तो पाहतो. मधली टोपी अजून कोणाच्या ध्यानात आलेली नाही. माझ्या धंद्यातल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: लेन्स कितीही मोठी असो, फोटोत येईल ते सेन्सर ठरवतो, म्हणून आधी घरी तपासा. आणि फोटो कसा काढणार हे गिऱ्हाईकासमोर कधी समजावून सांगू नका. एखादं गिऱ्हाईक ऐकतं.

त्या दिवशी ते निघाले तेव्हा मी कॅमेरा घेऊन बाहेर आलो. तीच ऐंशीची लेन्स, पट्टीबिट्टी काही नाही. पुढे दादाराव, मागे वसंतराव, दोघांच्या दोन फ्रेमा काखेत धरून मध्ये आबा. तिघं त्या बिस्किटात असे चपखल बसले की एक बोट इकडे नाही की तिकडे.

"थांबा, हलू नका," मी म्हणालो. बटण दाबलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "आबा, त्या दिवशी मधातच उठून तिकडं काहून गेले तुम्ही?"

दादारावांनी किक मारायला उचललेला पाय तसाच धरला. वसंतरावही कान देऊन थांबले.

आबांनी टोपी नीट केली.

"तिकडं जराशी सावली होती," ते म्हणाले.